बारा ओळी, ठळक

चोवीस सालच्या मार्चात, सरोवर अजून गोठलेलं असताना,
वडिलांनी हा संच उधारीवर घेतला.
मेपलचे खिळे, खोड आडवं कापून केलेले,
बारा ओळी उंच, म्हणजे दोन इंच.
जाड दांडे, आखूड गळे,
आणि तळाशी चपट्या रुंद टाचा:
विस्कॉन्सिनच्या बर्फात बूट रोवून
दुधाच्या गाडीची वाट बघणारी माणसं जशी.

वडील म्हणायचे, सेरिफ म्हणजे टाच.
टाच नसलेलं अक्षर
वाऱ्याच्या दिवशी कोठाराच्या भिंतीवरून घसरतं.

काय काय ओरडलो आम्ही या अक्षरांतून!
एकोणीस दुभत्या गाई, लिलाव.
पूल खचला आहे, वळसा घ्या.
शुक्रवारी चर्चच्या तळघरात तळलेली मासळी,
माणशी तीस सेंट.
शेरीफच्या निवडणुकीत दोन्ही उमेदवारांना
तेच खिळे लावले,
सकाळी एकाला, जेवणानंतर दुसऱ्याला,
मध्ये फक्त रॉकेलने पुसून.
सर्कस आली तेव्हा अनेकवचनाला 'एस' उरला नाही,
म्हणून हत्ती एकच छापला.
आले तीन.
कुणी तक्रार केली नाही.

मयताच्या पत्रिका मात्र बारीक टाइपात.
दुःख ठळक छापू नये अशी आमच्या गावाची समजूत.

पण 'आर'मध्ये खोट होती.
पोटाखाली जिथे तंगडी फुटते
तिथे एक खाच, सुईच्या टोकाएवढी,
गरजेपेक्षा खोल गेलेली.
एका 'आर'मध्ये नव्हे, अकराच्या अकरा.
मी सतरा वर्षांचा, आणि सतराव्या वर्षी असतो तितका शहाणा.
कारखान्याला लिहिलं:
माल सदोष, पैसे परत पाठवावेत,
आपला नम्र, ऑरिन टेश.

माझंच पत्र परत आलं. पाठीमागे पेन्सिलीने:

"यंत्राचा दात गोल असतो. आतला कोपरा त्याला जमत नाही,
तो आम्ही सुरीने काढतो.
इतकं काळं एका जागी भेटलं की शाई तुंबते.
मी तिला जायला जागा ठेवली आहे.
नीट दाबून छापा, मग बोला.
ल्युडमिला हाव्रानेक, कोपरे खातं."

दाबून छापलं.
खाच कुठेच नव्हती.
कोपरा असा, की त्यावर बोट कापावं.

वडील हसले नाहीत. म्हणाले, टपालाचे दोन सेंट तुझ्या पगारातून.

त्यानंतर मी काळं बघायचं सोडलं.
'ए'च्या पोटातली तांदळाएवढी खिडकी,
'बी'ची वरची खोली खालचीपेक्षा केसभर लहान,
'जी' तोंड मिटता मिटता थांबलेला.
एवढी दांडगी अक्षरं, रस्त्यापलीकडून वाचता येणारी,
आणि सगळी कुणीतरी
हातचं राखून कोरलेली.

एकदा वाटलं जाऊन यावं. बसने चाळीस मैल.
गेलो नाही. हंगाम होता, मग दुसरा हंगाम.

छप्पन साली कारखान्याच्या लिलावाचं काम माझ्याकडेच आलं.
यंत्रं, वखारीतलं मेपल, बाकं, बावीस खुर्च्या.
मजकूर घेऊन आलेल्या माणसाला तिचं नाव विचारलं.
टोपी फिरवत म्हणाला,
कोपऱ्यांवर बायका पुष्कळ होत्या हो.

खिळे जुळवले. 'आर' तीन लागले.
दोनशे प्रती काढल्या, भरपूर शाईच्या, ठरल्या भावात.
मग रूळ जवळजवळ कोरडा होऊ दिला
आणि एक प्रत काढली, नुसता हात टेकवून,
इतक्या हलक्या दाबाने
की शाई त्या जागेपर्यंत पोचलीच नाही.

ती दारामागे लावली आहे.
दार ओढून घेतलं की दिसते:
तिन्ही 'आर'मध्ये
पांढरी, सुईच्या टोकाएवढी.