हद्दी

डॉक्टर इर्मा म्हणाली, गुडघा गंजू द्यायचा नसेल तर चाल.
रोज. चाळीस मिनिटं. बर्फ असो, नसो.
ग्लदानीत चालायचं तरी कुठं?
नऊमजली इमारती, गॅरेजांचे पत्रे,
बाल्कन्यांतून लोंबणारी दुसऱ्यांची धुणी,
आणि कोपऱ्याकोपऱ्यावर कुत्री.
कानात पिवळा बिल्ला : टोचलेली, नोंदलेली,
सरकारदरबारी माझ्याहून पक्क्या पत्त्याची.

पहिला आठवडा मी कोटाच्या खिशात दगड ठेवायचे.
खिसा फाटका. दगड अस्तरात उतरला.
अजून जिना चढताना मांडीला लागतो.

पहिली ओळख बोंबोराशी.
आमच्याच दाराखालची. झिजल्या गालिच्याचं अंग,
एक डोळा दुधाळ.
तिनं काठी हुंगली, मग बूट,
मग मनाशी काहीतरी ठरवलं
आणि दोन पावलं पुढं निघाली,
जणू फिरायला तिनं मला काढलं होतं.

जुम्बेरच्या बेकरीपर्यंत येते.
तळघरातल्या भट्टीची ऊब जिथं पायरीला लागते
तिथं थांबते. पुढं एक नखही नाही.
हाक मारा, चीज दाखवा,
ती आभाळाकडे बघते,
उधारीचं नाव काढल्यावर माणसं बघतात तशी.

तिथून औषधाच्या दुकानापर्यंत मेजर.
शेपूट कुठल्यातरी दारात गेलं, उरलं चार बोटं,
तेवढ्यावर तो अख्खा हलतो.
त्यापुढं शाळेपर्यंत एक तांबडी,
तिला फुलवाली लामारा म्हणते मधुरा-द्राक्ष,
शाळेची पोरं म्हणतात गोलकीपर,
पहारेकरी म्हणतो, ए, तू.
ती तिन्हींना ओ देते.
मी अजून नाव ठेवलेलं नाही. मला तिच्याशी घाईनं वागायचं नाही.

सोखुमीत मी अठरा वर्षं ट्रॉलीबस चालवली.
वरची तार जिथं संपते तिथं गाडी संपते,
मग खाली समुद्र कितीही निळा असू दे.
म्हणून बोंबोराला मी ओढत नाही.
मीही एंगुरीच्या पुलाअलीकडे अशीच थांबलेली आहे,
तीस वर्षं होऊन गेली.
पलीकडे धाकटी बहीण, एतेरी.
फोनवर ती तिकडच्या अंगणातला कोंबडा ऐकवायची,
मी इकडची लिफ्ट.

फेब्रुवारीत एका पहाटे फोन आला.
माती आदल्याच दिवशी उरकली होती.
रेंज नव्हती, म्हणाले.

मी काठी न घेता उतरले.
बेकरीचं शटर अर्धं उघडं. जुम्बेर पीठ मळत होता.
पायरी आली. मी थांबले नाही.
मागे नखांचा आवाज येत राहिला,
डांबरावर, बर्फाच्या पापुद्र्यावर, टिकटिक.
मला वाटलं, मेजर असेल.

मेजर पुढं उभा होता.
मान खाली, पाठीचे केस ताठ,
घशात जुनं इंजिन घरघरत.
त्यानं आधी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.
मग, मी खोटं सांगत नाही,
तो फुटपाथवरून खाली उतरला
आणि दोन गाड्यांच्या मधे जाऊन
उगाच टायर हुंगत बसला.

मेट्रोच्या जिन्यापर्यंत गेलो आम्ही दोघी.
पहिली माणसं आत शिरत होती, झोपेत.
मी कठड्यावर बसले. ती बसली नाही.
थरथरत होती.
थंडीनं की परक्या मुलखानं, ते मी विचारलं नाही.
तिनंही मला काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पायरी,
पुन्हा आभाळाकडे बघणं.
जुम्बेर गरम शोती कागदात गुंडाळता गुंडाळता म्हणाला,
काल ही पुढं गेली होती ना?
मी म्हटलं, कोण? ही?
भट्टीच्या धुरानं डोळे बिघडलेत तुझे.

भाकरीचं टोक मोडून मी पायरीवर ठेवलं.
पलीकडे मेजर चार बोटं हलवत उभाच होता,
पाळी बदलायला.