किर्कस्टॉल लेनच्या बाजूने

हेडिंग्लीत खेळपट्टी बघायची नसते, आभाळ बघायचं,
असं गुळवणी दरवर्षी सांगतात
आणि घास तोंडात तसाच ठेवून मान वर करतात.
आज आभाळ निळं. कोरं. इस्त्री केल्यासारखं.
तरी आपल्या संघात चार वेगवान.

"चार! चौघांनी काय तिरडी उचलायचीय?"
हेर्लेकर पेटतात.
"आणि दुसरा फिरकीवाला बाटल्या नेतोय, टॉवेल नेतोय,
लग्नात नवऱ्याच्या सख्ख्या मामाला वाढपी केल्यासारखा."
"लीड्सला दुसरा फिरकीवाला," माझा नवरा म्हणतो,
"म्हणजे जुलैत रेनकोट."
त्याच्या पिशवीत रेनकोट आहे. मीच भरलाय.

कालपासून एकशे बारा षटकं. तीन बाद.
समोरचा डावरा हलत नाही,
चावीवाल्याची वाट बघत
स्वतःच्याच दाराशी उभा असल्यासारखा.

मी आमच्यात टोकाला. डबे माझ्याकडे.
संत्रं सोलायच्या आधी मी ते फिरवते,
तर्जनी आणि मधलं बोट फाकवून.
हे मी करत नाही, बोटं करतात.
मिरजेला, रेल्वेच्या मैदानावर, मॅटिंगवर
मी दोन मोसम टाकली.
मग जिल्ह्याची यादी लागली. चौदा नावं,
कागदाखालचा डिंक अजून ओला.
वरून खाली वाचली, मग खालून वर.
बाई म्हणाल्या, संतुलन साधायचं होतं गं.
संतुलन म्हणजे काय ते मी सव्वीस वर्षं शोधतेय
आणि हे तिघं सकाळपासून तेच बोलतायत:
बाहेर बसलेल्याला काय सांगायचं, ते.

किर्कस्टॉल लेनच्या बाजूने उंच पोरगा धावत येतो.
त्याचं चोविसावं षटक.
मी आठवडाभर लोकांचे खांदे बघते,
हॉस्पिटलच्या तळघरात, काळ्या-पांढऱ्यात.
ह्याचा दंड कानाला लागत नाहीये. सकाळी लागत होता.
"त्याचा खांदा दुखतोय," मी म्हणते.
"चकली दे," नवरा म्हणतो.

त्याच्या पुढच्या दोन षटकांत पाच चौकार.
कप्तानाला शिव्या. निवड समितीला शिव्या.
समितीत कोण कोणाचा जावई, त्याची उजळणी.
मग हेर्लेकर अचानक उभे:
"अरे, खांदा गेलाय त्याचा! बघा, हात बघा!"
"करेक्ट," गुळवणी म्हणतात.
"नजर लागते हेर्लेकर, नजर," माझा नवरा.
मी चकलीचा डबा पुढे करते.

माझ्या डावीकडे एक म्हातारा,
सकाळपासून वहीत पेन्सिलीने ठिपके भरतोय.
ठिपका, ठिपका, एक, ठिपका. तोंडातून शब्द नाही.
आता पेन्सिल संत्र्याकडे रोखून
त्या त्याच्या यॉर्कशरी, अर्धी अक्षरं गिळणाऱ्या इंग्रजीत विचारतो,
टाकायचीस का?
"थोडी" म्हणणार होते. आम्ही थोडीच म्हणतो.
"हो," म्हटलं. "डावखुरी. संथ."
इथे कुठे टाकली असतीस?
मी संत्र्यानेच दाखवते:
डावऱ्याच्या ऑफस्टंपबाहेर,
आमच्याच चौघांच्या बुटांनी
कोंबड्यांनी उकरावी तशी उकरलेली ती वीतभर माती.
तो दुर्बीण लावतो. बराच वेळ काढत नाही.
मग वहीच्या कडेला काहीतरी लिहितो. ठिपका नव्हे.

मागे पुढच्या कसोटीचा संघ निवडणं चालू आहे,
गुळवणींचे बारा झालेत, कोणाला गाळायचं ते ठरत नाही.

पाण्याची वेळ. तो बाकावरचा पोरगा येतो,
दोन्ही हातांत बाटल्या, गळ्यात दुसऱ्याचा टॉवेल.
परत जाताना उगाच वाकडी वाट करतो,
त्या मातीपाशी थांबतो,
बुटाच्या टोकाने एकदा दाबून बघतो,
पंच ओरडायच्या आत निघतो.

म्हातारा माझ्याकडे बघतो. मी त्याच्याकडे.
"अगं," उजवीकडून आवाज,
"संत्रं सोलतेस की नुसतं खेळवत बसणार आहेस?"