आतल्या अंगानं

तेरा शर्ट आले, कोरे, पिशवीबंद,
सगळे एकाच मापाचे, दहा वर्षांच्या पोराचे.
कपडेपट बघणाऱ्या बाई म्हणाल्या,
मामा, हे जुने करा. सोमवारी शूटिंग आहे.

बुरोंडीच्या नाक्यावर चव्वेचाळीस वर्षं मशीन मारतोय,
जुन्याचं नवं पुष्कळ केलं,
नव्याचं जुनं पहिल्यांदाच.
चहाच्या पाण्यात भिजवले, चिऱ्यावर घासले,
कोपरं ब्लेडनं विरवली.
दोन दिवस वाकट्यांच्या शेजारी वाळत टाकले, वास लागावा म्हणून.
बाई हसल्या. वास पडद्यावर येत नाही, मामा.
ठिगळं मात्र वरून हवी होती त्यांना,
लाल, चौकोनी, ढोबळ टाक्यांची,
शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसतील अशी.

खरा शर्ट एकच होता.
साहेब तेव्हा नुसते धाकू. सोनूबायचा धाकू,
बाप डोलीवर गेला तो परत न आलेला.
सोनूबाय शिडाचं कापड घेऊन आली,
मचव्याचं, फाटून उरलेलं, मिठानं पत्र्यासारखं कडक.
बापूंनी कात्रीला दोनदा धार लावली. तरी
सुया मोडल्या, तीन.
बटणं करवंटीची. ती मी घासली, पायरीच्या दगडावर,
बोटांची सालं निघेपर्यंत.
पाच करायची होती, चार झाली.

वर्षभरात खांद्याला उसवला.
सोनूबाय आत आली नाही, टोपलीचं पाणी गळत होतं,
उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली,
मास्तर, ठिगल आतल्या अंगाना लाव.
भायेर दिसला त पोर शालंत जायाचा नाय.
बापूंनी आतून लावलं.
वरून एक बारीक रेघ तेवढी,
ओहोटीच्या वाळूत कुर्ली चालून गेल्यासारखी.
मजुरी साडेतीन रुपये. वहीत आहे अजून.
पुढे बापूंच्या अक्षरात: मासळी आली की.

दिग्दर्शकाला सांगितलं हे सगळं.
पोरगेलासा माणूस, सज्जन,
चहा संपला तरी कप हातात धरून ऐकत होता.
म्हणाला, शिडाचा शर्ट छान दिसेल हो.
फार छान दिसेल. तोच तर प्रॉब्लेम आहे.

मग जेटीवर तो अंधेरीचा पोरगा
बर्फाची पाटी घेऊन आठ वेळा पडला,
नवव्यांदा बरोबर पडला.
आणि सोनूबाय झालेली नटी
रिकाम्या टोपापाशी बसून इतकी रडली
की बघायला जमलेल्या बायकांनी पदर लावले डोळ्यांना.
मी सोनूबायला रडताना पाहिलेलं नाही.
शिव्या देताना पाहिलंय. लिलाववाल्याला,
एकवीरेला,
आणि एकदा धाकूला, उधारी विसरला म्हणून.

सिनेमा हायस्कूलच्या मैदानात दाखवला.
पडदाही मीच शिवला, मांजरपाटाचे चार पट्टे जोडून.
साहेब पहिल्या खुर्चीत, कडक इस्त्रीत.
लाल ठिगळ दिसलं तशा शिट्ट्या वाजल्या.
तेवढ्यात खाडीवरून वारा सुटला
आणि पडदा फुगला, पार शिडासारखा.
पोरगा फुगला, टोप फुगला, रडणारी आई
अख्ख्या मैदानाएवढी होऊन पुढे झुकली.
दोन कार्यकर्ते दोरी धरायला धावले.
साहेबांचा हात उजव्या खांद्याकडे गेला,
तिथेच थोडा वेळ राहिला.
गर्मी असेल. नक्की सांगता येत नाही.

जाताना गर्दीतून माझ्यापाशी थांबले.
पतंग्या, बटणं चारच होती ना रे?
म्हटलं, पाचवं फुटलं.
अजून काही बोलणार होते,
गाडीचं दार कुणीतरी उघडून धरलेलं होतं.

साडेतीन रुपयांचं मी काढलं नाही.
विसरलो म्हणा.

सकाळी पडदा सोडवला. एका रात्रीत
मीठ बसलं होतं त्यावर, घडी करकरत होती.
दुकानात आणून टेप लावला.
बारा शर्ट निघतील, त्याच मापाचे.
तेराव्याला बाह्या पुरणार नाहीत.