उन्हाळ्याचं भूत

साडेचारला वेंडेलला आठवलं, आज हॅलोविन.
लोर्ना नुकतीच लाँड्रीतल्या पाळीवरून आलेली,
पर्समध्ये अकरा डॉलर आणि बसचा पास.
पांढरी चादर घरात नव्हतीच.
होती ती निळ्या फुलांची, कडेला इलॅस्टिक,
धुऊन धुऊन विरलेली.
कात्री चालली. एक डोळा जरा वर गेला.
डुलुथमध्ये बर्फ भुरभुरत होता,
म्हणून आत जाडजूड कोट, वर चादर:
भूत चांगलंच बाळसेदार झालं.

तिसऱ्या दारात म्हाताऱ्या हॉगेनबाई वाकल्या,
"फुलाफुलांचं? कुणाचं रे हे भूत?"
चादरीतून आवाज आला,
"उन्हाळ्याचं."
बाईंनी अख्खी बरणीच उपडी केली.

रात्री तीच चादर पुन्हा गादीवर.
चॉकलेटं मोजता मोजता वेंडेल झोपला.
लोर्नाच्या पाठीखाली एक डोळा,
दुसरा उशाशी,
टक्क उघडा.