रुग्ण क्रमांक सतरा

नेरूळचं दंतमहाविद्यालय, तिसरा मजला,
खुर्ची नववी. इथला पंखा हाताने ढकलला की फिरतो.
माझ्या प्रबंधाला चाळीस तोंडं हवीत,
सगळी बिनदाताची.
आज सतरावं. दिवाळे गावातून आलेलं,
अकरा वर्षं भाकर चहात बुडवून खाल्लेलं.

नाकाच्या शेंड्यावर एक ठिपका, हनुवटीवर एक,
मधलं अंतर मी मोजते.
कवळी अजून कच्ची,
दात गुलाबी मेणात नुसते रोवलेले.
"चावायचं नाही हं, मावशी. फक्त बोलायचं."

तक्ता सांगतो: रुग्णाने एकसष्ट ते सत्तर मोजावे.
स म्हणताना वरचे-खालचे दात जवळ येतात,
टेकत मात्र नाहीत,
मध्ये मिलिमीटरभर हवा राहते.
ती हवा म्हणजे माझा प्रबंध.

मावशी मोजू लागतात:
तीन इसा न एक,
तीन इसा न दोन.
"एकसष्ट म्हणा ना."
"त्ये तुमचं. आमी बोंबील इसानीच मोजतो."

ह्याला रकाना नाही.
सर म्हणतील, वगळ.
वगळलं तर नवं तोंड शोधण्यात आठवडा.
पट्टी खाली ठेवते, काहीतरी बोलायचं म्हणून बोलते:
"केसपेपरवर हौशीबाई लिहिलंय तुमचं..."

"हौशी नाय!
रेशनवाल्यानं पन तेच क्येलं. दात गेल्यापासून
जो तो आपल्या मनाचं लिवतो."
आणि वरचे दात खालच्या ओठावर टेकतात,
फ,
मग फटीतून वारा,
शी.
"फशी. फशीबाय."

पुस्तकात फ एका धड्यात, श दुसऱ्या.
हिच्या आत्यानं बारशाला
दोन्ही एकदमच कानात सांगितले होते.

शिट्टी जरा जास्त वाजतेय.
डावा पटाशीचा दात अर्धा मिलिमीटर आत घ्यायला हवा.
लिहून ठेवते. रकान्याबाहेर.

"आता काढून द्या, मावशी. मेण आहे, मऊ पडेल.
शुक्रवारी पक्की मिळेल."
त्या मान हलवतात, ओठ घट्ट मिटतात,
उठून खिडकीशी जातात, फोन लावतात.
"वलख बगू, कोन बोलतंय?"

पलीकडून बराच वेळ काहीच नाही.
"फ-शी," त्या सावकाश सांगतात, "फ-शी."

खाडीकडून ऊन थेट आत येतंय.
मी थंड पाण्याची वाटी धरून उभी.