बाणा नसलेलं कापड

नीलम नगरच्या मागं टाकी, बारा खांब,
त्यातला सातवा रडका.
सळई गंजून फुगली, काँक्रीटनं टवके सोडले.
पोरं म्हणायची, खांबाला देवी आल्यात.

सैल ते सगळं छिन्नीनं पाडलं,
सळया तारेच्या ब्रशनं घासल्या, तांबूस भुकटी थांबेस्तोवर.
भरणी केली. कोपरे गोल केले,
कारण धारेवर हे कापड तुटतं.
किती गोल, हे शिकवताना अंबादास यमुलनं
माझ्या अंगठ्याचं पेर धरलं होतं: एवढं.

मग गुंडाळा आला. काळा, चमकता, वजनाला काहीच नाही.

नान्ना तेव्हा साइटवर वॉचमन.
एकतीस वर्षं चादर, मग टॉवेल,
मग लूम भंगारात गेला, किलोच्या भावानं.
त्यांनी गुंडाळा मांडीवर घेतला,
कड चिमटीत चुरली, उजेडात धरली.
"याला बाणा कुठंय रे?"
ताणाच ताणा. आडवा एक धागा नाही.
"अर्धं विणलंय, आणि विकलंय पूर्ण दरानं."

मी म्हटलं, बाणा राळेचा.
आणि खांबाभोवती गेला की हाच ताणा
आडवा होतो, करगोट्यासारखा.
ते हसले नाहीत.

एप्रिलात दुपारी राळ कालवली
तर पंधरा मिनिटांत डबा धुरतो, ब्रश आतच दगड.
म्हणून पहाटे चारला उठायचो.
एक हात राळ, त्यावर कापड, त्यावर रोलर,
हवेचा एकेक फुगा कडेला हाकलत;
जोडावर वीतभर चढ,
शेवटी ओल्या राळेवर वाळू भुरभुरवायची,
म्हणजे वरच्या थराला पाय रोवायला जागा.
शेजारच्या गल्लीत लूम सुरू व्हायचे.
आमचा रोलर त्यांच्या ठेक्यात कधी सापडला, कळलं नाही.

बिराजदार ठेकेदार म्हणाला,
लगेच वरून वॉटरप्रूफिंग मारा, निळा रंग द्या,
बिल टाकतो.
मारलं.

आठवड्यानं मी नाण्यानं खांब वाजवत फिरलो.
टक. टक. टक.
छातीच्या उंचीवर: ढप.

पाणी बाहेरून आलंच नव्हतं.
वर, टाकीच्या तळाच्या जोडातून उतरून
ते खांबाच्या पोटात होतं, आम्ही यायच्या आधीपासून.
आम्ही त्याला सुंदर कोट शिवला
आणि गळ्यापर्यंत बटणं लावली.
बाहेरचं पाणी अडवलं की माघारी जातं.
आतलं कुठं जाणार?

पातं घातलं. काळ्या कापडातून
कोमट, गंजाच्या वासाचं चमचाभर पाणी
माझ्या मनगटावर आलं.
बिराजदार तेव्हा फोनवर बोलत होता,
बोलतच राहिला.

चार दिवसांनी टाकी रिकामी झाली, तशी आत उतरलो.
जोड खोदला, गच्च भरला,
लेपाचा पहिला हात उभा फिरवला,
सुकल्यावर दुसरा आडवा.
नान्ना झाकणातून वाकून बघत होते.
"हां," एवढंच वरून आलं,
आणि टाकीत तो "हां" बराच वेळ घुमला.

खांबाचा ढप्प तुकडा सोलून काढला,
त्याला उघडा ठेवला, ओल मोजायचं यंत्र
गप्प होईपर्यंत अठरा दिवस.
अठरा दिवसांचा हिशेब कुणी भरला
ते विचारू नका.
मग पुन्हा कापड, पुन्हा वाळू, पुन्हा लेप.

नळाला पाणी यायच्या दिवशी टाकी काठोकाठ.
गल्लीत घागरींचा, भांडणांचा आवाज.
नान्नांनी खांद्यावरचा टॉवेल काढला,
स्वतःच्या हातचा, कडेला विटलेली लाल रेघ,
आणि सातवा खांब पुसला
खालून वर, हात पोचेल तिथपर्यंत.

टॉवेल कोरडा होता.
तरी त्यांनी तो पिळला, सवयीनं,
आणि झटकला.