कंबर तलाव, रविवार

सहाला या म्हणाले होते, साडेसातला जमलो.
हातमोजे चाळीस, माणसं सव्वीस,
त्यातली नऊ फोटोपुरती.

जलपर्णी ओढावी तर तळंच सोबत येतं
गुडघाभर काळा वास घेऊन.
एमूल काका तेलुगूत शिव्या देत होते,
बहुतेक तळ्यालाच.

दहाच्या सुमाराला गाळात
त्यांच्या हाताला टोकदार काही लागलं.
धोटा.
लाकूड फुगलेलं, टोक गंजलेलं,
आत वीतभर सूत,
अजून लाल.

चौथीतली मधुलिका पोती धरून उभी :
"काका, ओला की सुका?"

काका बघतच राहिले.
सदऱ्याला पुसला. खिशात मावेना,
कमरेला खोचला.

"हा वजनात धरू नको," म्हणाले,
आणि परत पाण्यात वाकले.